एका बादलीत फोटोंची धुलाई

(द्वितीय वर्ष, कला)

'फोटो धुणे' हा आपल्या मराठीतला एक मजेदार शब्दप्रयोग आहे. 'रोल धुवायला टाकला', 'लग्नाचे फोटो धुऊन आले का?' असे आपल्या आईवडिलांच्या पिढीने शेकडो वेळा म्हटले असेल. म्हणणाऱ्याच्या मनात धुणे म्हणजे स्टुडिओच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत जे काही गूढ चालते ते सगळे. प्रत्यक्षात त्या खोलीत चित्र उमटवणे हे एक काम, ते पक्के करणे हे दुसरे, आणि खरेखुरे धुणे, म्हणजे साध्या पाण्याने धुणे, हे अगदी शेवटचे. हे शेवटचे काम दिसायला इतके क्षुल्लक की स्टुडिओत ते नेहमी नव्या पोराकडे दिले जाई. आणि फोटो दहा वर्षे टिकणार की शंभर, हे मात्र बरेचसे तिथेच ठरते.

प्रस्तुत लेखात मी घरच्या घरी डार्करूम कशी मांडावी, ओला कागद कसा हाताळावा आणि तो थोड्या पाण्यात कसा धुवावा, ह्याविषयी लिहिणार आहे. 'थोड्या पाण्यात' हे शब्द मुद्दाम घातले आहेत. मी लातूरची. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आले होते. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. आजही आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. आला की घरातले प्रत्येक भांडे, अगदी दुधाचे पातेलेसुद्धा, भरून ठेवतात. अशा घरात 'फायबरचा फोटो तासभर वाहत्या पाण्यात धुवावा' हे पुस्तकातले वाक्य मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय नाही. मिनिटाला दोन लिटर धरले तरी तासाला १२० लिटर होतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागातल्या एका माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. म्हणजे फोटोंच्या एका गठ्ठ्यापायी दोन माणसांच्या दिवसभराच्या पाण्याहून जास्त पाणी मोरीत जायचे! आईने पहिल्याच दिवशी निकाल दिला, "एक बादली देते. काय धुवायचं ते तेवढ्यात धू." बादली पंधरा लिटरची. ह्या लेखातला सगळा हिशेब त्या बादलीभोवती बसवलेला आहे.

आता हा खटाटोप कशासाठी, हे सांगायला हवे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सातवीपर्यंत शिकले आणि पुढे वीस-बावीस वर्षे एका फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये राबले. डिजिटल कॅमेरे आले तशी डार्करूम बंद झाली. राहिलेल्या पगाराच्या बदल्यात मालकांनी अण्णांना जुना एन्लार्जर दिला. त्याच्याबरोबर चार डिश, दोन चिमटे आणि बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे आले. डब्यांत निगेटिव्ह होत्या. स्टुडिओ आवरताना त्या भंगारात चालल्या होत्या. अण्णांनी त्यांतल्या ओळखीच्या माणसांच्या तेवढ्या वेचून घेतल्या. त्यांत आमच्या आजोबांची एक आहे. भिंतीवरचा त्यांचा फोटो, त्याच स्टुडिओत लग्नसराईच्या घाईत धुतलेला, आता पिवळट तपकिरी झाला आहे. फेट्याच्या घड्या विरल्या आहेत आणि डावा गाल जवळजवळ गेला आहे. निगेटिव्ह मात्र ठणठणीत. गल्लीत हे कळल्यावर लोक येऊ लागले. कुणाची आई, कुणाचा भाऊ. ह्या माणसांचा दुसरा फोटो कुठेच नाही. त्यांच्या हाती जो कागद द्यायचा तो पुन्हा पंधरा-वीस वर्षांत पिवळा पडला तर त्या देण्याला अर्थ नाही.

फोटो पिवळा का पडतो?

फोटोचा कागद म्हणजे कागदावर जिलेटिनचा पातळ थर, आणि त्या थरात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण. उजेड लागलेल्या कणांची डेव्हलपरमध्ये काळी चांदी होते आणि चित्र दिसू लागते. ज्या कणांना उजेड लागला नाही ते तसेच राहतात. ते काढून टाकले नाहीत तर पुढे उजेडात सबंध कागद काळवंडेल. हे काढून टाकण्याचे काम हायपो करतो. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, खडीसाखरेसारखे दिसणारे स्फटिक. चांदीचे क्षार त्यात विरघळतात, हे जॉन हर्शेल ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१९ मध्ये नोंदवून ठेवले होते. १८३९ मध्ये फोटोग्राफीचा शोध जाहीर झाला तेव्हा हे जुने निरीक्षण कामाला आले. त्या काळी ह्या पदार्थाला हायपोसल्फाइट ऑफ सोडा म्हणत. रसायनशास्त्राने नाव बदलले, डार्करूमने बदलले नाही.

पण ह्या उपकारकर्त्या हायपोत गंधक आहे. तो कागदात मागे राहिला तर हळूहळू त्याचे विघटन होते आणि गंधक चांदीला धरतो. देवघरातली चांदीची निरांजने काळी पडतात ती ह्याच संयोगाने. फोटोतले चांदीचे कण फार बारीक असल्यामुळे तिथे तो काळा न दिसता पिवळा-तपकिरी दिसतो. उष्मा आणि दमट हवा असेल तर हे आणखी लवकर होते. १८५५ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने फोटो का उडतात हे शोधण्यासाठी एक समिती नेमली होती. अपुऱ्या धुण्यामुळे मागे राहिलेला हायपो हे त्या समितीने सांगितलेल्या कारणांपैकी प्रमुख होते. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली होती. म्हणजे ही तक्रार आपल्या देशातल्या फोटोग्राफीइतकीच जुनी आहे.

दुसरे एक कारण आहे आणि ते जास्त फसवे आहे. हायपो खूप वापरून थकला की त्यात तयार होणारी चांदीची संयुगे पाण्यात नीट विरघळत नाहीत. मग कागद चार तास धुवा, ती निघत नाहीत, आणि पुढे फोटोतला पांढरा भागच पिवळा पडतो. धुलाई कितीही चांगली असली तरी थकलेल्या हायपोचे पाप तिने धुतले जात नाही. म्हणून धुण्याचा विचार हायपोपासूनच सुरू करावा लागतो.

जागा

डार्करूमला वेगळी खोली हवी असे नाही. आमचे घर दोन खोल्यांचे, वर पत्रे. रात्री नवानंतर आतल्या खोलीला डार्करूम म्हणायचे, एवढेच. दिवसा पत्र्याच्या प्रत्येक खिळ्यातून उजेडाची सळई आत येते. ती बुजवत बसण्यापेक्षा रात्रीची वाट पाहणे सोपे. खिडकीला आईची जुनी काळी चादर दुहेरी करून ठोकली आहे, कारण रस्त्याचा दिवा समोरच आहे. आत बसून दहा मिनिटे थांबावे. डोळे अंधाराला सरावले की ज्या फटी आधी नव्हत्या त्या दिसू लागतात.

खोलीचे दोन भाग मनाने करायचे : सुकी बाजू आणि ओली बाजू. सुक्या बाजूला एन्लार्जर, कोरा कागद आणि निगेटिव्ह. ओल्या बाजूला डिश. ह्या दोन बाजूंमध्ये निदान तीन-चार पावले हवीत आणि एक कोरडा पंचा खुंटीला हवा. हायपोचा एक थेंब कोऱ्या कागदावर पडला की तिथे चित्र उमटतच नाही. हायपोच्या बोटाने कागद उचलला की बोटाचा ठसा कायमचा राहतो. शिवाय एन्लार्जर विजेचा आहे. ओल्या हाताने बटण दाबायचे नाही, हा अण्णांचा पहिला नियम, आणि तो त्यांनी मला रागावून शिकवला आहे. आमचा एन्लार्जर शिवणयंत्राच्या टेबलावर असतो. विजेचा दाब कमीजास्त झाला की त्याच्या दिव्याचा उजेड बदलतो आणि काल बारा सेकंदांत झालेला फोटो आज अठरा सेकंद मागतो. रात्री उशिरा दाब स्थिर असतो, हाही रात्री काम करण्याचा एक फायदा.

डिश आम्ही जमिनीवरच ओळीने मांडतो. डेव्हलपर, थांबवणारे आम्ल, हायपो पहिला, हायपो दुसरा आणि मग पाणी. जमिनीवर मांडल्याने पाठ दुखते खरी, पण काही सांडले तर ते डब्यांवर सांडत नाही. डिश प्लास्टिकच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या चालतात; लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम नको. इनॅमलचा टवका उडालेला असेल तर तिथून गंज येतो. आणि एकदा डार्करूममध्ये आलेले भांडे, मग ते कितीही चकचकीत असो, स्वयंपाकघरात परत जात नाही.

लाल दिव्याची परीक्षा करून घ्यावी. दुकानदार 'सेफ आहे' म्हणाला एवढ्यावर विसंबू नये. एन्लार्जरखाली कोऱ्या कागदाला इतका थोडा उजेड द्यायचा की तो जेमतेम राखाडी होईल. मग तो लाल दिव्याखाली ठेवून त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवायचे आणि पाच-सहा मिनिटांनी डेव्हलप करायचा. नाण्याचा गोल उमटला तर दिवा लांब न्यावा किंवा बदलावा.

द्रावणे

डेव्हलपर अण्णा सुटी रसायने आणून बनवतात. सूत्र कोडॅकने प्रसिद्ध केलेले डी-७२, जे त्यांना पाढ्यासारखे पाठ आहे. सुमारे ५० अंश तापमानाच्या अर्धा-पाऊण लिटर पाण्यात मेटॉल ३ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट ४५ ग्रॅम, हायड्रोक्विनोन १२ ग्रॅम, निर्जल सोडियम कार्बोनेट सुमारे ६८ ग्रॅम आणि पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम, ह्याच क्रमाने, एक विरघळल्यावर दुसरे. मग पाणी घालून एक लिटर करायचे. वापरताना एका भागाला दोन भाग पाणी. मेटॉल काही जणांच्या कातडीला सोसत नाही; खाज सुटते, भेगा पडतात. अण्णांची नखे डेव्हलपरने अशी काळी झाली की ती अजून पूर्ण उतरलेली नाहीत. म्हणून मी रबरी हातमोजे घालते आणि ते मला हसतात.

थांबवण्याच्या डिशमध्ये लिटरभर पाण्यात १५ मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड. आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात नव्हे. ते नसेल तर स्वयंपाकाचे पांढरे व्हिनेगर एका भागाला दोन-तीन भाग पाणी घालून चालते. हायपो लिटरला २५० ग्रॅम. हे स्फटिक विरघळताना पाणी इतके गार होते की बाटलीवर बाहेरून दव धरते. म्हणून पाणी आधीच कोमट घ्यावे. कागद घट्ट व्हावा म्हणून हायपोत तुरटी घालण्याची स्टुडिओत पद्धत होती. आमच्या उन्हाळ्यात जिलेटिन मऊ पडते, तेव्हा तिचा उपयोग होई. पण तुरटीने घट्ट झालेल्या कागदातून हायपो निघायला जास्त वेळ लागतो. एका बादलीचा हिशेब असलेल्या घरात तुरटी परवडत नाही.

तापमानाचा प्रश्न आमच्याकडे मोठा आहे. सूत्रे २० अंशांची असतात आणि मे महिन्यात टाकीतले पाणी अंगावर घेववत नाही. इथे आपला माठ कामाला येतो. मी द्रावणे माठाच्या पाण्यात कालवते आणि डिश एका मोठ्या थाळ्यात, भोवती माठाचे पाणी घालून ठेवते. चोवीस-पंचवीस अंशांपर्यंत डेव्हलपरची वेळ थोडी कमी करून भागते. त्याच्या वर गेले तर त्या रात्री काम करू नये, झोपावे.

ओला कागद

कागद दोन जातींचे. एक प्लास्टिकचा, ज्याला आरसी म्हणतात. त्याच्या दोन्ही अंगांना पॉलिथिनचा लेप असतो, त्यामुळे द्रावण आत मुरत नाही. दुसरा फायबरचा, म्हणजे खराखुरा कागद. हा पाणी पितो आणि पाण्याबरोबर हायपोही पितो. पूर्वी उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स ह्या सरकारी कारखान्याचा 'इंदू' कागद सगळीकडे मिळे. तो कारखाना आता बंद आहे आणि कागद परदेशचा घ्यावा लागतो, महागही पडतो. म्हणून सरावासाठी आरसी आणि लोकांना द्यायच्या फोटोंसाठी फायबर, असे मी ठरवले आहे.

ओले जिलेटिन सायीसारखे असते. नखाचा नुसता स्पर्श झाला तरी ओरखडा उमटतो. म्हणून फोटोला चारी बाजूंनी पांढरी कड ठेवावी. ती शोभेसाठी नसून चिमट्यासाठी आहे. प्रत्येक डिशला स्वतंत्र चिमटा. हायपोचा चिमटा चुकूनही डेव्हलपरमध्ये जाता कामा नये, म्हणून मी त्याच्या दांडीला लाल दोरा गुंडाळला आहे. अंधारात रंग दिसत नाही, दोरा बोटाला लागतो. कागद एका डिशमधून दुसरीत नेताना एका कोपऱ्याला धरून दहा सेकंद निथळू द्यावा. हे दहा सेकंद फार मोलाचे आहेत. निथळला नाही तर प्रत्येक कागद मागच्या डिशचा घोटभर माल पुढच्या डिशमध्ये वाहून नेतो, आणि शेवटी तो सगळा धुण्याच्या पाण्यात येतो.

हायपो दोन डिशमध्ये असण्याचे कारण असे. पहिल्या डिशमध्ये बहुतेक चांदी सुटते आणि तो हायपो लवकर थकतो. दुसरा जवळजवळ ताजाच राहतो आणि उरलेसुरले काढतो. पहिला थकला की टाकायचा, दुसऱ्याला पहिल्याच्या जागी आणायचे आणि दुसऱ्या जागी नवा. फायबरला मी प्रत्येकी तीन ते चार मिनिटे देते, आरसीला दोन-दोन. जास्त वेळ ठेवला तर जास्त पक्का होतो हा गैरसमज आहे; फायबरच्या धाग्यांत हायपो तेवढा खोल शिरतो आणि धुताना तेवढेच जास्त पाणी मागतो. एका लिटरवर पाच-बाय-सातचे पन्नास झाले की मी पहिला हायपो निवृत्त करते. शंका आली तर फिल्मचा कोरा तुकडा त्यात बुडवून पाहावा. ताज्या हायपोत तो जितक्या वेळात पारदर्शक होतो त्याच्या दुप्पट वेळ लागू लागला, की तो हायपो संपला असे समजावे.

बादली

आता मुख्य विषय. हायपो कागदातून चोळून निघत नाही. मिठाच्या पाण्यात भिजलेली कैरीची फोड साध्या पाण्यात ठेवली की मीठ आपोआप बाहेर येते, तसाच तो येतो. आत जास्त आणि बाहेर कमी, एवढा फरक असला की तो बाहेर सरकतो. दोन्हीकडे सारखा झाला की थांबतो. मग त्याच पाण्यात कागद रात्रभर ठेवा, काही उपयोग नाही. पाणी बदलले की पुन्हा फरक तयार होतो. वाहत्या नळाचा उपयोग एवढाच की तो सतत पाणी बदलत असतो. पण तो निम्मे पाणी कागदाला न भेटताच वाहून जाऊ देतो.

साधे गणित करू. पाच-बाय-सातचे आठ फायबर कागद निथळल्यावर मिळून चाळीस मिली द्रावण धरून आहेत असे समजा. ते एकदम बारा लिटर पाण्यात टाकले तर कागदातल्या द्रावणात हायपो सुमारे तीनशेवा भाग उरेल. तेच बारा लिटर दीड-दीड लिटर असे आठ वेळा वापरले तर पहिल्याच पाण्याला तो सुमारे अडतिसावा भाग, दुसऱ्याला दीड हजारावा आणि तिसऱ्याला पन्नास हजाराव्या भागाहूनही कमी होतो. पाणी तेवढेच. हे गणित मी आईला समजावू लागले तेव्हा ती म्हणाली, "मग साबण दुसरं कसा काढतात? तीनदा खंगाळायचं." तिला शाळा मिळाली नाही, पण हा सिद्धांत आमच्या घरात माझ्या आधीपासून होता.

अर्थात गणितात धरल्याइतके हे सोपे नसते. हायपो कागदाच्या धाग्यांना चिकटून बसतो आणि सावकाश सुटतो. म्हणून तीन पाण्यांवर न थांबता आठ करायची आणि प्रत्येक पाण्याला पाच मिनिटे द्यायची. शिवाय एक युक्ती आहे. समुद्राच्या पाण्यात फोटोतला हायपो गोड्या पाण्यापेक्षा लवकर सुटतो, असे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तपासून पाहिले गेले होते. फक्त नंतर ते खारे पाणी गोड्या पाण्याने काढून टाकावे लागते. पाण्यातले क्षार हायपोला त्याच्या जागेवरून उठवतात. आपण समुद्राऐवजी सोडियम सल्फाइट वापरतो. लिटरभर पाण्यात २० ग्रॅम घालून त्यात फायबर कागद दहा मिनिटे हलवत ठेवायचे. हे द्रावण उघड्यावर टिकत नाही, त्याच रात्री संपवावे.

तर पंधरा लिटरची वाटणी अशी. हायपोतून निघाल्यावर एक-एक लिटरच्या दोन पाण्यांतून कागद काढायचे. दोन लिटर झाले. मग लिटरभर सल्फाइट, तीन झाले. उरलेल्या बारा लिटरची दीड-दीड लिटरची आठ पाणी. मी दोन खोलगट ट्रे वापरते. एकात कागद, दुसऱ्यात ताजे पाणी. पाच मिनिटे कागद खालचा वर, वरचा खाली असे पत्त्यांसारखे फिरवत राहायचे, मग एकेक उचलून, निथळून दुसऱ्या ट्रेत न्यायचे आणि पहिला ओतून टाकायचा. गठ्ठा एकदम उचलला तर मधले कागद एकमेकांना चिकटलेले राहतात, आणि दोन कागदांच्या मधे पाणी गेलेच नाही तर आठ काय, ऐंशी पाणी केली तरी ते कोरडेच राहिले म्हणायचे. ह्या चाळीस मिनिटांत दुसरे काही करता येत नाही. मी मराठीच्या पेपरची उजळणी तोंडाने करते.

त्याच रात्री दुसरा गठ्ठा असेल तर पहिल्याचे शेवटचे तीन-चार पाणी फेकायचे नाही. ते जवळजवळ स्वच्छ असते. दुसऱ्या गठ्ठ्याच्या पहिल्या पाण्यांना चालते. पहिली पाणी मात्र कशालाही वापरू नयेत, झाडांना तर नाहीच.

आरसी कागदाला एवढे लागत नाही. त्यात हायपो शिरलेलाच नसतो. लिटर-लिटरची चार पाणी, प्रत्येकी मिनिटभर सतत हलवत, एवढे पुरते. त्याला जास्त वेळ भिजत ठेवू नये. कापलेल्या कडांतून पाणी आत शिरते आणि कडा वळतात.

पाणी बोअरचे चालेल का, असे मला विचारतात. आमच्याकडचे बोअरचे पाणी जड आहे, डाळ शिजत नाही. पण धुण्यापुरते त्याने काही बिघडत नाही. फक्त गढूळ असेल तर फडक्याने गाळावे, आणि वाळल्यावर पांढरे डाग राहू नयेत म्हणून शेवटचे पाणी वीस लिटरच्या जारमधले, शुद्ध केलेले घ्यावे. थंडीत पाणी फार गार असेल तर हायपो सावकाश सुटतो. डिसेंबरात मी धुण्याचे पाणी जरासे कोमट करते.

निघाला की नाही?

डोळ्यांना हायपो दिसत नाही. धुतलेला आणि न धुतलेला फोटो आज सारखेच दिसतात, आणि म्हणूनच घाईच्या दिवसांत धुण्यावर काट मारण्याचा मोह होतो. गिऱ्हाइकाला कळेपर्यंत पंधरा वर्षे जातात. घरी करण्याजोगी परीक्षा पोटॅशियम परमँगनेटची आहे. अगदी थोडे परमँगनेट आणि किंचित कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवून जांभळे द्रावण करायचे. कॉस्टिक सोडा कातडी जाळतो, त्याला हातमोज्यांशिवाय हात लावू नये. दोन ग्लासांत सारखे पाणी घ्यायचे आणि दोन्हींत ह्या द्रावणाचे सारखे थेंब. मग धुतलेल्या कागदाचे निथळते पाणी एका ग्लासात पडू द्यायचे, आणि दुसऱ्यात तेवढेच, धुण्यासाठी वापरलेले पण कागदाला न लागलेले पाणी. पहिल्याचा जांभळा रंग नारिंगीकडे झुकू लागला तर हायपो अजून आहे. दुसरा ग्लास आवश्यक आहे, कारण पाण्यातल्या सेंद्रिय घाणीनेही हा रंग बदलतो.

ही परीक्षा पाण्याची झाली. कागदाच्या पोटातले कळायला सिल्व्हर नायट्रेट लागते. लिटरला साडेसात ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट आणि थोडे ॲसेटिक ॲसिड असलेल्या द्रावणाचा एक थेंब फोटोच्या ओल्या पांढऱ्या कडेवर ठेवायचा आणि दोन मिनिटांनी टिपून घ्यायचा. डाग अगदी फिका पिवळसर उमटला तर ठीक. तपकिरी उमटला तर परत पाण्यात. सिल्व्हर नायट्रेट महाग असते, म्हणून मी पंचवीस मिलीच करून तपकिरी बाटलीत ठेवले आहे आणि गठ्ठ्यातल्या एकाच कागदावर, तोही फसलेल्या फोटोवर, ही परीक्षा घेते. बादलीच्या वाटणीतून निघालेल्या कागदावर डाग जेमतेम दिसतो. तीन पाण्यांवर थांबवलेल्या एका कागदावर मी मुद्दाम थेंब ठेवून पाहिला. तो चहासारखा उमटला. हे दोन तुकडे मी शेजारी-शेजारी चिकटवून ठेवले आहेत. लोकांना समजावून सांगण्यापेक्षा ते दाखवणे बरे पडते.

वाळवणे

आरसी फोटो दोरीला चिमट्याने टांगावा, तासाभरात वाळतो. फायबरचे तसे नाही. टांगला तर पापडासारखा वळतो. अण्णांच्या स्टुडिओत ग्लेझिंगची चकचकीत प्लेट होती. तिच्यावर फोटो तोंडाने चिकटवून तापवत आणि तो आरशासारखा होऊन सुटे. आमच्याकडे जुन्या मच्छरदाणीची जाळी लाकडी चौकटीवर ताणली आहे. फोटो काचेवर ठेवून दोन्ही अंगांचे पाणी रबराच्या पट्टीने हळूच ओढून काढायचे आणि जाळीवर पालथा घालायचा. पंखा बंद, नाहीतर रस्त्याची धूळ ओल्या जिलेटिनवर बसते आणि ती मग चित्राचाच भाग होते. सकाळपर्यंत वाळतो, थोडा वळतो. मग दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर शब्दकोश आणि त्यावर दळणाचा डबा. दोन दिवसांत सपाट.

आजोबांचा फोटो असाच दोन दिवस डब्याखाली होता. आजी रोज विचारत असे की झाले का दळण.

पाठीमागे शिसपेन्सिलीने कडेला नाव आणि तारीख लिहावी. बॉलपेनने लिहू नये, टोकाचा उठाव पुढून दिसतो. फ्रेम करताना फोटो काचेला टेकू देऊ नये, कारण दमट दिवसांत जिलेटिन काचेला चिकटते. आणि पाठीमागे वर्तमानपत्राचा कागद घालू नये, तो स्वतःच पिवळा पडतो.

राहिला वापरलेला हायपो. त्यात चांदी विरघळलेली असते; ती मोरीत किंवा शोषखड्ड्यात जाऊ देऊ नये, पाण्यातल्या जिवांना ती घातक असते. लोखंडी तारेचा बारीक चोथा त्यात घातला तर काही दिवसांत लोखंड विरघळते आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपाने खाली बसते. अण्णा सांगतात की त्यांच्या वेळी एक माणूस सायकलला कॅन लावून यायचा आणि स्टुडिओचा जुना हायपो पैसे देऊन घेऊन जायचा. आमच्याकडे माळ्यावर पाच-पाच लिटरचे दोन कॅन भरले आहेत आणि तिसरा निम्मा झाला आहे. त्यांच्यावर मी मोठ्या अक्षरांत 'पिण्याचे नाही' असे लिहून ठेवले आहे.